सर्व्हरचा मालक बदलतो तेव्हा

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी अकामाय टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने लिनोड ही दुसरी अमेरिकी कंपनी सुमारे ९० कोटी डॉलर मोजून विकत घेत असल्याचे जाहीर केले. अब्जावधींच्या सौद्यांना सरावलेल्या अर्थजगताने या बातमीची फारशी दखल घेतली नाही. लिनोडच्या ग्राहकांमध्ये मात्र तिने हुरहुर उत्पन्न केली. दर वाढतील का? अडचणीच्या वेळी फोन केला तर पूर्वीसारखाच कोणी जाणता माणूस बोलेल का? आपले लहानसे खाते नव्या मालकाला डोईजड तर वाटणार नाही ना? विलीनीकरणाची अधिसूचना निघाल्यावर बँकेच्या शाखेत काउंटरवर जे प्रश्न येतात, त्यांचीच ही भावंडे म्हणावी लागतील. म्हणूनच संगणक-व्यवसायातील या घटनेचा विचार बँकेच्या ग्राहकाने आणि कर्मचाऱ्यानेही करण्याजोगा आहे. शिवाय आज बँकेचे कर्ज घेऊन व्यवसाय करणारा लहान उद्योजक स्वतःही कोणत्या ना कोणत्या होस्टिंग कंपनीचा ग्राहक असतोच.

इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याचे संकेतस्थळ असो, इंदूरच्या एखाद्या शिकवणी वर्गाचा प्रवेश अर्ज असो, की वडोदऱ्यातील सनदी लेखापालाच्या कचेरीची कागदपत्रे असोत, ती ज्या संगणकावर ठेवलेली असतात तो संगणक अहोरात्र चालू राहावा लागतो. त्याला अखंड वीज लागते, थंड हवा लागते, वेगवान जोडणी लागते आणि देखरेखीला माणसे लागतात. एवढा डोलारा लहान व्यावसायिकाला परवडत नाही. म्हणून तो दुसऱ्याच्या संगणकावर जागा भाड्याने घेतो. एकाच मोठ्या यंत्राचे आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक भाग पाडून प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र संगणक असल्यासारखा वापर करू देणे, ही या व्यवसायाची मूळ युक्ती. चाळीत जशा स्वतंत्र कुलपाच्या खोल्या, तसाच हा प्रकार. ख्रिस्टोफर एकर यांनी २००३ मध्ये लिनोडची स्थापना केली तेव्हा ‘क्लाउड’ हा शब्द या अर्थाने रूढही झालेला नव्हता. ॲमेझॉनने आपली अशी सेवा खुली केली ती २००६ मध्ये. लिनक्स आणि नोड या दोन शब्दांच्या संधीतून कंपनीचे नाव तयार झाले. पुढे या कंपनीने फिलाडेल्फिया शहरात आपले मुख्यालय थाटले, ते कॉर्न एक्स्चेंज नॅशनल बँकेच्या जुन्या इमारतीत! एके काळी जेथे लोकांच्या ठेवी सांभाळल्या जात, तेथे लोकांच्या माहितीचा सांभाळ करणारी मंडळी बसू लागली, हा योगायोग बँकेच्या वाचकाला गमतीचा वाटेल.

या कंपनीवर ग्राहकांचा लोभ जडला त्याला कारणे होती. तिचे दर महिन्याला ठरलेले असत आणि बिल पाहून कोणाला धक्का बसत नसे. २०१७ पासून महिना ५ डॉलरची योजनाही मिळू लागली. सर्वांत लहान ग्राहकालाही रात्री-अपरात्री दूरध्वनीवर माणसाशी बोलता येत असे. २०१९ मध्ये मुंबईतही तिचे केंद्र सुरू झाले. दोष नव्हते असे मात्र नाही. २०१५ च्या नाताळात तिच्या यंत्रणेवर झालेल्या हल्ल्यामुळे सेवा कित्येक दिवस विस्कळीत झाली होती. परंतु काय घडले आणि आपले कोठे चुकले, याचा सविस्तर खुलासा कंपनीने नंतर स्वतःहून प्रसिद्ध केला. चूक करणाऱ्या संस्थेपेक्षा चूक लपवणाऱ्या संस्थेवर ग्राहक अधिक रागावतो, हे काउंटरवर बसलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

खरेदीदार अकामायची जातकुळी वेगळी होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांच्या संशोधनातून १९९८ मध्ये ती जन्माला आली. (लेविन यांचा ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमानात मृत्यू झाला.) संकेतस्थळांवरील मजकुराच्या, चित्रांच्या, चित्रफितींच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवून त्या वाचकाला जवळच्या ठिकाणाहून पुरवायच्या, हा तिचा धंदा. पैसे काढायला मुख्य कचेरीत न जाता घराजवळच्या एटीएमवर जावे, तसेच काहीसे. तिचे ग्राहक म्हणजे प्रसारण कंपन्या, वित्तसंस्था, मोठमोठे ऑनलाइन विक्रेते. हत्तींच्या अशा कळपात महिना ५ डॉलर देणाऱ्या मुंगीला कोण विचारणार, ही लिनोडच्या जुन्या ग्राहकांची भीती अनाठायी म्हणता येत नाही.

ख्यातीचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात जिला ‘ख्याती’ म्हणतात आणि बाजारात जी ‘गुडविल’ या नावाने ओळखली जाते, ती या साऱ्या चिंतेच्या मुळाशी आहे. सौदा जाहीर करताना अकामायने सांगितले होते की, लिनोडमुळे २०२२ या वर्षात आपल्या महसुलात सुमारे १० कोटी डॉलरची भर पडेल. व्यवहार मार्चमध्ये पूर्ण झाला, म्हणजे हा अंदाज पुऱ्या वर्षाचा नव्हता, हे मान्य. तरीही ९० कोटींची किंमत आणि १० कोटींची विक्री (नफा नव्हे, विक्री) हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाचकाच्या लक्षात येईल, येथे केवळ यंत्रांचे आणि इमारतीचे मोल दिलेले नाही. ग्राहकांची सवय, त्यांचा विश्वास, ते उद्याही येथेच राहतील ही अपेक्षा, हे सारे त्या किमतीत मोजले गेले आहे. ज्या आपुलकीपोटी ग्राहक इतकी वर्षे थांबला, तिचीच विक्री झाली आणि तिचा मोबदला मात्र मालकाला मिळाला, असेही कोणी म्हणेल. त्यात अन्याय काही नाही. व्यवसाय उभा करणाऱ्याला तो विकण्याचा अधिकार आहेच.

परंतु खरेदीदाराला ही रक्कम वसूल करावी लागते. आपल्या जुन्या मोठ्या ग्राहकांना नवी सेवा विकून तो ती वसूल करू शकतो. ते साधले नाही, किंवा साधायला वेळ लागला, तर विकत घेतलेल्या कंपनीच्या ग्राहकांचे दर वाढवणे किंवा त्यांच्यावरील खर्च कमी करणे, हे मार्ग उरतात. ‘ग्राहकांसाठी काहीही बदलणार नाही’ असे आश्वासन पहिल्या दिवशी दिले जाते, तेव्हा देणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असू शकतो. ताळेबंदाला मात्र हेतू कळत नाहीत.

पुढे काय झाले? फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘अकामाय कनेक्टेड क्लाउड’ असे नवे नाव पुढे आले. मार्चमध्ये ग्राहकांना कळवण्यात आले की, १ एप्रिल २०२३ पासून बहुतेक योजनांचे दर सुमारे २० टक्क्यांनी वाढतील. २० डॉलरची योजना २४ डॉलरची झाली. ५ डॉलरच्या योजनेला हात लावला गेला नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक माहितीची वाहतूक झाल्यास जो जादा आकार पडे, तो दर गिगाबाइटला १ सेंटवरून अर्ध्या सेंटवर आणला गेला. निकाल असा संमिश्र होता. सर्वांत लहान ग्राहक वाचला, मधला कात्रीत सापडला, आणि ज्याची वाहतूक फार मोठी त्याचा फायदा झाला. वर्षानुवर्षे दर न वाढवणाऱ्या धंद्यात २० टक्क्यांची वाढ अवाजवी म्हणता येणार नाही. पण घोषणेनंतर चौदा महिन्यांच्या आत ती आली, हेही विसरता येत नाही. भारतातील ग्राहकाला बिल डॉलरमध्ये भरायचे असेल तर रुपयाच्या घसरणीचा भुर्दंड त्यावर वेगळाच.

भीती केव्हा खरी ठरते

अशा अधिग्रहणांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ग्राहक घाबरतो पहिल्या आठवड्यात, आणि खरा बदल येतो तो विसरल्यानंतर. स्लाइसहोस्ट ही अमेरिकेतील सेंट लुईस येथील लहान, लाडकी कंपनी ऑक्टोबर २००८ मध्ये रॅकस्पेसने विकत घेतली. अडीच वर्षे तिचे नाव आणि तिची पद्धत बऱ्याच अंशी कायम राहिली. मे २०११ मध्ये पत्र आले की, स्लाइसहोस्ट बंद होणार असून सुमारे वर्षभरात सर्व खाती रॅकस्पेसच्या यंत्रणेत वर्ग केली जातील. हेरोकूची कथा याहून लांबली. सेल्सफोर्सने ही कंपनी डिसेंबर २०१० मध्ये सुमारे २१ कोटी डॉलरला घेतली. तिची विनामूल्य योजना विद्यार्थ्यांच्या आणि होतकरू संगणक-अभियंत्यांच्या विशेष आवडीची होती. ती बंद होत असल्याची घोषणा झाली ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी, आणि २८ नोव्हेंबर २०२२ पासून ती बंदही झाली. बारा वर्षांत शाळेतला मुलगा नोकरीला लागतो. एवढ्या काळाने आलेल्या संकटाचे खापर अधिग्रहणावर फोडावे की बदलत्या काळावर, हा वादाचा विषय आहे. परंतु निर्णय घेणारा मालक मूळचा नव्हता, एवढे खरे.

कधी कधी ग्राहकाला माहीतही नसलेला मालक बदलतो. अनेक होस्टिंग कंपन्या स्वतःच ज्या आज्ञावलीच्या आधारावर उभ्या असतात त्या व्हीएमवेअरचा ताबा २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमकडे गेला. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून ठरावीक मुदतीच्या वर्गणीची पद्धत लागू झाली. युरोपातील क्लाउड कंपन्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोठी ओरड केली. भाडेकरूचे घरमालकाशी भांडण नव्हतेच. घरमालक ज्याच्या जमिनीवर उभा होता, ती जमीन विकली गेली होती.

आणि ‘आजन्म’ सेवेचे काय? टेक्स्टड्राइव्ह नावाच्या कंपनीने २००४ मध्ये ग्राहकांकडून एकरकमी पैसे घेऊन आजन्म होस्टिंग देऊ केले होते. ती पुढे जॉयंट या कंपनीत सामील झाली, आणि २०१२ मध्ये जॉयंटने ही आजन्म खाती बंद करण्याचे जाहीर केले. मुदत न लिहिलेली ठेव पावती कोणताही बँक अधिकारी हातात धरणार नाही. या व्यवहारात ती शंका फारशी कोणाला आली नव्हती, कारण किंमत आकर्षक होती.

बँकेचे विलीनीकरण आणि सर्व्हरची विक्री

सातारच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांच्या तोंडचे पाणी पळाले होते. महिन्याभरात, ३ ऑक्टोबर २००६ पासून, ती बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. त्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील मोठी विलीनीकरणे झाली. १ एप्रिल २०१९ रोजी विजया आणि देना या बँका बँक ऑफ बडोदामध्ये, तर १ एप्रिल २०२० रोजी ओरिएंटल, युनायटेड, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन आणि अलाहाबाद या बँका इतर बँकांमध्ये समाविष्ट झाल्या. आयएफएससी बदलले, धनादेश पुस्तके बदलली, पासबुकावरचे नाव बदलले. जुन्या बँकेच्या नावाशी निगडित असलेले मायेचे धागे तुटले आणि काही ज्येष्ठ नागरिकांना त्याचे मनापासून दुःख झाले. मात्र ठेवीच्या रकमेबद्दल कायद्याने संदिग्धता ठेवलेली नव्हती. योजना राजपत्रात प्रसिद्ध होते, तिच्यात मालमत्तेबरोबर देणीही नव्या बँकेकडे जातात, रिझर्व्ह बँकेची नजर असते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे.

होस्टिंगच्या ग्राहकाच्या हाती यांपैकी काहीही नसते. त्याच्या हाती असतो तो करार, आणि तोही सहसा न वाचता मान्य केलेला. त्या करारात दोन कलमे बहुधा आढळतात. एकाने कंपनीला हा करार दुसऱ्या कंपनीच्या नावे करून देण्याची मुभा असते, दुसऱ्याने पूर्वसूचना देऊन दर आणि अटी बदलण्याची. ही दोन कलमे एकत्र वाचली की ग्राहकाची खरी स्थिती स्पष्ट होते. मालक कोण असावा यावर त्याचा अधिकार चालत नाही, आणि नव्या मालकाने दर काय लावावा यावरही नाही. त्याच्याकडे उरतो तो एकच हक्क, निघून जाण्याचा. म्हणून दर किंवा गोड आश्वासने यांपेक्षा बाहेरचा दरवाजा किती सहज उघडतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

गृहकर्जदारांना ही गोष्ट चांगली परिचित आहे. बदलत्या व्याजदराचे कर्ज मुदतीपूर्वी फेडून दुसऱ्या बँकेकडे जाणाऱ्या ग्राहकाकडून पूर्वी दंड वसूल केला जाई. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये अशा गृहकर्जांवरील हा दंड बंद केला, आणि व्याजदर कमी करून मागणाऱ्या ग्राहकाच्या शब्दाला वजन आले. क्लाउडच्या धंद्यातही असाच दंड होता आणि काही प्रमाणात आहे. माहिती आत आणायला पैसे पडत नाहीत, बाहेर न्यायला पडतात. गठ्ठा जितका मोठा तितका दंड मोठा. २०२४ च्या पूर्वार्धात गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी, सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून हा आकार न घेण्याचे जाहीर केले. ही उदारता अवचित सुचलेली नव्हती. युरोपीय संघाचा डेटा कायदा तोवर मंजूर झाला होता. १२ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला, आणि एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा आकार १२ जानेवारी २०२७ पासून पूर्णपणे रद्द व्हावा, असे त्यात म्हटले आहे. भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या बाह्यस्रोत सेवांबाबत बँकांना जे निर्देश दिले, त्यांत क्लाउडचा स्वतंत्र विचार होता आणि सेवादात्यापासून बाहेर पडण्याची योजना आधीच तयार ठेवावी, असा आग्रह होता. बँकांना जी शिस्त नियामकाने लावली, ती लहान व्यापाऱ्याने स्वतःहून लावून घ्यायची तर फार खर्च येतो असेही नाही.

पहिला प्रश्न नावाचा. संकेतस्थळाचे डोमेन नाव कोणाच्या नावे नोंदलेले आहे? पुष्कळदा असे आढळते की, संकेतस्थळ करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाने ते स्वतःच्या ई-मेलवर नोंदवलेले असते, किंवा होस्टिंग कंपनीनेच ‘पहिले वर्ष मोफत’ म्हणून दिलेले असते. घर भाड्याचे असले तरी चालेल, पत्ता स्वतःचा हवा. नाव स्वतःच्या नावे आणि होस्टिंगपासून वेगळ्या ठिकाणी नोंदलेले असेल, तर सर्व्हर बदलला तरी गिऱ्हाइकाला त्याच दारात येता येते. पत्त्याचे महत्त्व रिझर्व्ह बँकेनेही ओळखले. २०२५ मध्ये तिने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर हलवायला सांगितले, ते ग्राहकाला खरा पत्ता ओळखता यावा म्हणून.

दुसरे, पैसे. तीन वर्षांचे भाडे आगाऊ भरले की सवलत मिळते, पण तेवढी वर्षे पाय बांधले जातात. मालक बदलण्याची कुणकुण असेल त्या काळात महिन्याच्या हिशेबाने थोडे जास्त देणे शहाणपणाचे. आणि जी सोय केवळ त्या एकाच कंपनीकडे मिळते, तिच्यावर सारा कारभार उभारण्यापूर्वी दोनदा विचार करावा. साध्या लिनक्स सर्व्हरवर चालणारे काम दुसरीकडे नेता येते; कंपनीच्या खास साधनांवर बेतलेले काम बहुधा पुन्हा लिहावे लागते. लिनोडचे जे ग्राहक २०२३ च्या दरवाढीनंतर अन्यत्र गेले, त्यांना ते तुलनेने सोपे गेले याचे हेच कारण.

बॅकअपविषयी सर्वांना ठाऊक असते, तरी एक गोष्ट राहून जाते. बॅकअप त्याच कंपनीच्या त्याच खात्यात ठेवलेला असतो. खाते बंद झाले की मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जातात. प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी, आणि वर्षातून एकदा तरी ती नव्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उभी करून पाहायला हवी. या कामाला किती तास लागले, कोणते पासवर्ड सापडले नाहीत, कोणता माणूस गावाला गेल्यामुळे काम अडले, हे एका कागदावर लिहून ठेवावे. मग तो कागद आजवर मिळालेल्या मुदतींच्या शेजारी ठेवता येतो. स्लाइसहोस्टच्या ग्राहकांना सुमारे वर्ष मिळाले होते, हेरोकूच्या ग्राहकांना तीन महिने. निर्वाणिक्स नावाची क्लाउड साठवण कंपनी सप्टेंबर २०१३ मध्ये बंद पडली. तिला कोणी विकत घेतलेही नाही, आणि तिच्या ग्राहकांना आपला माल हलवायला सुरुवातीला जेमतेम दोन आठवडे देण्यात आले होते.